दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला

४ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

अक्षर माझं बघून दचकू नका. तुमचा नवरा ठणठणीत आहे. समोर दगडावर बसून नकाशा उलटा धरलाय आणि तो सुलटच आहे असं गॅरेजवाल्याला पटवतोय. पत्र तू लिही म्हणाला. पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, पण खडू सोडून दुसऱ्या कशाने लिहायचं म्हटलं की ह्याच्या अंगावर काटा येतो. शाळेत ह्याचे निबंधही मीच लिहायचो. हे तुम्हाला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक.

काल दुपारी आम्ही तिघं सीमेच्या पट्टीत शिरलो, सीमा एकदा डोळ्यांनी बघायची मास्तरची हौस ना. गॅरेजवाल्याची व्हॅन त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोण्यासारखी चालते, माझ्या कमरेचं म्हणणं वेगळं आहे. नाक्यावर फोन जमा, ओळखपत्रं जमा. त्याच्या बदल्यात गळ्यात अडकवायला नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला. पट्टीत असेपर्यंत आपण म्हणजे तो नंबर. बाहेर पडताना बिल्ला परत करायचा आणि आपलं कार्ड घ्यायचं.

आता गंमत ऐका. नाक्यावरच्या कारकुनाने माझं नाव पुकारलं तेव्हा मी व्हॅनमागे बुटातला खडा काढत होतो. तर मास्तर खणखणीत आवाजात म्हणाला, "हजर!" सवय हो, दुसरं काय. मी शाळेला दांडी मारली की माझ्या नावाला हाच हजर म्हणायचा आणि ह्याने मारली की मी. कारकुनाने माझ्या कार्डावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो पाहिला, टक्कल आणि मिशी. मग ह्याच्याकडे पाहिलं, टक्कल आणि मिशी. एकतीस नंबर ह्याच्या गळ्यात. पुढे मास्तरचं नाव आलं. आता मी काय करणार? मीही म्हणालो, हजर. बत्तीस नंबर माझ्या गळ्यात. म्हणजे वहिनी, कागदोपत्री सध्या तुमचा नवरा मी आहे. गॅरेजवाला हसून हसून स्टिअरिंगवर आडवा झाला.

इथली गावं म्हणजे दहा-बारा घरं, एक हापसा आणि भिंतींना टेकून बसलेली म्हातारी माणसं. खाली नदी, नदीवर पूल, पलीकडे एक चिंचोळी पट्टी आणि मग तार. मास्तर पहिल्यांदा तार बघून जरा हिरमुसला. म्हणाला, "मी फळ्यावर लाल खडूने काढायचो, तेव्हा ही बरीच जाड होती रे." तारेच्या पलीकडे कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. त्या बघत तो अर्धा तास उभा होता.

पत्रं पाववाला नेतो आणि आणतो, रोज. नाक्याच्या पत्त्यावर लिहा.

तुमचा,
बाइंडर


९ ऑक्टोबर

भावजी,

पत्र मिळालं. दुकानात वाचत होते, हसू आवरेना, गिऱ्हाइकाच्या पँटीची शिलाई वाकडी गेली. ती उसवून परत मारली, त्याचं पाप तुमच्या माथी.

पण साठीला आलेली माणसं तुम्ही, सरकारी नाक्यावर हा कसला पोरखेळ? उद्याच्या उद्या जाऊन बिल्ले बदलून घ्या. मला एक नवरा सांभाळताना नाकीनऊ आले आहेत, कागदोपत्री दुसरा नको.

ह्यांच्या खोकल्याबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर हे नाही म्हणतील. उशीत तोंड खुपसून खोकतात आणि मला म्हणतात की उंदीर असेल. राखाडी स्वेटर बॅगेत तळाला घातला आहे, वरचं बटण नवीन लावलंय. तो घालायला लावा. पाण्यात उतरू देऊ नका. पाणी दिसलं की ह्यांना आपण नदीचा उगम शोधायला निघालोय असं वाटतं.

आणि पुढच्या पत्रात ह्यांच्या हातच्या दोन ओळी पाहिजेत. दोनच. तेवढ्याने काही बोटं झिजत नाहीत.

वहिनी


१४ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. सगळं छान चाललंय. हवा उत्तम. आमचा मुक्काम जरा वाढलाय, व्हॅनचा एक्सल गेला. गॅरेजवाला सगळं गॅरेज डोक्यात घेऊन फिरतो, सुटा भाग मात्र एकही आणला नाही. इथली माणसं चांगली आहेत, एका आजींनी खोली दिली आहे.

मास्तर मजेत आहे. दोन ओळी लिहिणारच होता, पण काल पायरीवरून घसरला आणि उजवं मनगट मुरगळलं. किरकोळ आहे, पट्टी बांधली आहे, म्हणून पेन धरता येत नाही. स्वेटर घालतो. बिल्ले बदलायचे राहिले, नाका लांब आहे. काळजी करू नये.

बाइंडर


१८ ऑक्टोबर

भावजी,

हे डावरे आहेत.

तुम्ही ह्यांच्याशेजारी एका बाकावर दहा वर्षं बसलात. ह्यांचं कोपर तुमच्या कोपराला लागून तुमची शाई सांडायची, ही गोष्ट तुम्हीच मला शंभरदा सांगितली आहे. आणि उजवं मनगट मुरगळल्यामुळे ह्यांना पेन धरता येत नाही? तुम्ही हे विसरू शकता, याचाच अर्थ काहीतरी मोठं झालं आहे. तुम्हाला कधी नीट थाप मारता आली नाही, आता शिकू नका.

पत्रात विनोद नाही. हवा उत्तम असं तुम्ही आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

हे कुठे आहेत, काय झालंय, खरं खरं लिहा. मला वाईट वाटेल म्हणून एक शब्द गाळू नका. वाईट वाटायचं तेवढं वाटून झालंय.

वहिनी


२१ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र गॅरेजवाला स्वतः आणून देतोय. व्हॅन दुरुस्त झाली, तिच्या परवान्याची मुदत संपली, त्याला निघावंच लागलं. तो तुमच्यासमोर मान खाली घालून उभा राहील. त्याला बसवा, पाणी द्या. त्याचा दोष नाही.

तुम्ही पहिलं पत्र लिहिलंत त्याच्या आदल्याच दिवशी, आठ तारखेला, व्हॅन ओढ्यात अडकली होती. आम्ही तिघंही उतरलो. मी मास्तरला म्हणालो होतो की तू आत बस. तो छातीएवढ्या पाण्यात उभा राहून मला ओढ्याचा प्रवाह समजावून सांगत होता. त्या दिवसापासून ताप. पाचव्या दिवशी श्वास लागायला लागला. गावात आरोग्याची एक खोली आहे, तिथली नर्स म्हणाली न्यूमोनिया आहे आणि इथे ठेवता येणार नाही. मी तुम्हाला मनगटाचं पत्र लिहिलं, त्याच सकाळी त्याला पुलापलीकडे नेलं.

पुलापलीकडे, नदी आणि तार यांच्या मधल्या पट्टीत मोठा दवाखाना आहे. चांगला आहे, डॉक्टर आहे, ऑक्सिजन आहे. पण तिथे पेशंटच्या जवळच्या नातेवाइकाशिवाय कुणाला सोडत नाहीत. आणि पेशंट कोण, हे बिल्ल्यावरून ठरतं. मास्तरच्या गळ्यात एकतीस नंबर. वहीत माझं नाव चढलं.

मी शिपायाला म्हणालो, मला जाऊ द्या. त्याने वही पाहिली, माझा बिल्ला पाहिला. "तुम्ही पेशंटचे कोण?" मित्र. "मित्राला नाही." मग त्याने नाक्यावरून आलेली एकतीस नंबरच्या कार्डाची नक्कल काढून दाखवली. त्यावर खाली एक रकाना आहे, जवळचे नातेवाईक. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, कोणी नाही.

तेव्हाच बोंब मारून खरं सांगायला हवं होतं. पण स्ट्रेचर पुलावर होतं. मला वाटलं, नाव चुकीचं आहे म्हटलं तर ते परत फिरवतील. म्हणून गप्प बसलो.

आता रोज दुपारी पुलाच्या ह्या टोकाला जाऊन उभा राहतो. दवाखान्यातली नर्स गावात घरी जेवायला येते, जाता जाता सांगते. काल म्हणाली, तुमचे मित्र भारीच आहेत, सकाळी डॉक्टर वहीतली नावं वाचतात तेव्हा मास्कमधूनसुद्धा हजर म्हणतात, अख्खा वॉर्ड हसतो.

मला क्षमा करा असं लिहायचीही लाज वाटते.

बाइंडर


२६ ऑक्टोबर

भावजी,

गॅरेजवाल्याने पत्र दिलं आणि रडायला लागला, मग त्यालाच समजवावं लागलं. माझं रडं तिथेच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं आणि परवान्याच्या कचेरीत गेले. चार नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाली बाई आहे. तिने ह्यांचं नाव शोधलं आणि हसून म्हणाली, "तुमचे मिस्टर ना? बत्तीस नंबर. अहो, एकदम छान आहेत ते. आजारी तो दुसरा माणूस." मी म्हणाले, तो दुसरा माणूसच माझा नवरा आहे. तिने चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, हजेरी, दांडी, टक्कल, मिशी, सगळं. सांगताना माझं मलाच खोटं वाटायला लागलं. मागच्या रांगेतला एक जण चुकचुकला, त्याला वाटलं ह्या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ती म्हणाली, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर दुरुस्ती नाक्यावरचा साहेब करेल, आमच्या हातात नाही. आणि पेशंटला भेटायचा पास पेशंटच्या नातेवाइकाला मिळतो. ह्या पेशंटला नातेवाईकच नाहीत. मी म्हणाले, मग बहीण म्हणून लिहा माझं नाव. कुठलीही बहीण. तर म्हणाली, कार्डावर असेल तरच.

आता ऐका. गेले पाच दिवस मी हे आत दाबून ठेवलं आहे.

दर रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला येता. वीस वर्षं. तुमचा पाय मोडला तेव्हा दीड महिना आमच्या बाहेरच्या खोलीत होतात. तुमच्या शर्टांची बटणं मी लावते. आणि कार्डावर लिहिलंत, कोणी नाही? माझं नाव लिहायला हात झडला असता? वहिनी एवढं जरी लिहिलं असतंत, तरी आज मी ह्यांच्या उशाशी असते, भावजी. बाकी काही नको होतं.

साहेबाकडे जा. खरं सांगा. आत टाकलं तर टाकू दे. तुरुंगात डबा मी आणेन.

मी परवा निघते. पास नसला तरी नाक्यापर्यंत बस येते. तिथून पुढे नाही सोडलं तर नाक्यावर बसेन.

वहिनी


३१ ऑक्टोबर

वहिनी,

पाववाल्याने सांगितलं की नाक्यावर एक बाई आल्या आहेत, कारकुनाच्या खिडकीसमोरच्या खोलीत उतरल्या आहेत आणि रोज सकाळी खिडकी उघडायच्या आत येऊन उभ्या राहतात. मी समजलो. तुमच्या-माझ्यात आता तेवीस किलोमीटर आहेत.

साहेब सोमवारी गावात आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्याने नीट ऐकून घेतलं, बोलता बोलता पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, "माझा विश्वास बसतोय हो तुमच्यावर. पण दुरुस्ती करायची तर दोघेही माझ्यासमोर हवेत. दोन माणसं, दोन कार्डं, दोन चेहरे. नियम मी केलेला नाही." मी म्हणालो, एक जण ऑक्सिजनवर आहे. तो म्हणाला, "मग त्यांना पुलावर आणा. मी खुर्ची टाकून तिथे बसतो. दोन मिनिटांचं काम आहे."

डॉक्टरने परवानगी दिली नाही. पुलापर्यंत नेलं तर मी जबाबदार नाही, असा निरोप आला. साहेबालाही पलीकडे जायला वरून परवानगी लागते, त्याने ती मागितली आहे. किती दिवस लागतील विचारलं, तर त्याने आकाशाकडे बोट दाखवलं. मी त्याचे पाय धरले, वहिनी. तो बिचारा इतका ओशाळला की त्याने मलाच नमस्कार केला.

कार्डाचं सांगतो. ते करताना खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं, रक्ताचं कोणी? नाही. लग्नाचं? नाही. मग कोणी नाही लिहा, म्हणाला. मागे रांग होती. मी लिहिलं. संध्याकाळी तुमच्याकडे आलो होतो आणि तुम्ही विचारलंत, झालं का कार्ड, तेव्हा मला चुकल्यासारखं वाटलं होतं. बोललो नाही. पुठ्ठा उलटा चिकटला तर मी सगळं पुस्तक उसवून पुन्हा बांधतो, पण हे तसंच राहू दिलं.

सोबत नर्सने आणलेला कागद ठेवला आहे. तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या, ते मी तिच्याकडून त्याला कळवलं होतं. लिहायला अर्धा तास लागला म्हणाली. डाव्या हाताने.

बाइंडर

(सोबतचा कागद)

स्वेटर घातला आहे.
खोकला अजिबात नाही.


२ नोव्हेंबर

भावजी,

कागद मिळाला. अक्षर पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली गेलंय. दुसरी ओळ वाचून हसले मी. खोकला नाही म्हणे. हा माणूस मरेपर्यंत सुधारणार नाही, असं तोंडातून निघून गेलं आणि मग जीभ चावली.

इथला कारकून भला आहे. मला चहा देतो. त्याला वाटतं मी बत्तीस नंबरची वाट बघतेय. म्हणतो, "येतील हो, तब्येत चांगली आहे त्यांची." पहिल्या दिवशी मी समजावून सांगितलं, दुसऱ्या दिवशीही. आता नुसती मान हलवते. त्याच्या मागे फळीवर कार्डांचा खोका आहे. त्यात ह्यांचा फोटो आहे, माझ्यापासून चार हातांवर. एकदा बघू द्या म्हटलं तर तेवढं मात्र त्याने दाखवलं. कार्डावर खाली लिहिलंय, जवळचे नातेवाईक, पत्नी. पुढे माझं नाव.

मी तुम्हाला फार बोलले त्या पत्रात. ते मागे घेत नाही. पण तुमच्याशिवाय तिथे ह्यांचं कोणी नाही. दुपारी पुलावर जायचं चुकवू नका. नर्सला म्हणावं, सांगा त्यांना, नाक्यावर आलीये. तेवीस किलोमीटरवर आहे. भांडायला आलीये म्हणावं, म्हणजे खरं वाटेल.

वहिनी


५ नोव्हेंबर

वहिनी,

हे कसं लिहायचं ते मला कळत नाही. सरळ लिहितो.

मास्तर गेला. परवा सकाळी, आठच्या सुमाराला. तुमचा निरोप आदल्या दुपारी त्याच्यापर्यंत पोचला होता. नर्सने शपथेवर सांगितलं. ती म्हणाली, भांडायला आलीये हे ऐकून त्यांनी मास्क काढला आणि म्हणाले, मग तब्येत लपवायला पाहिजे. रात्री नीट झोपले. सकाळी डॉक्टरांनी नावं वाचली तेव्हा आवाज आला नाही.

साहेबाची परवानगी आली नव्हती. अजून आलेली नाही.

नातेवाईक नसलेल्या माणसाचं तिथल्या तिथे करतात. मी पुलावर उभा होतो. ओरडलो, वहिनी. त्याची बायको तेवीस किलोमीटरवर बसली आहे, थांबा, असं ओरडलो. शिपायाने मला धरलं, पण ढकललं नाही. साहेब माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. पलीकडे चार माणसं चालत गेली आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने परत आली. एवढंच मला दिसलं, तेवढंच तुम्हाला सांगू शकतो. स्वेटर अंगावरच राहू दिला, असं नर्स म्हणाली. वरचं बटण लावलेलं होतं.

मृत्यूच्या दाखल्यावर माझं नाव आहे. साहेब म्हणतो, पुढे कोर्टातून बदलता येईल, तो साक्ष देईल. वर्षं लागतील. एकतीस नंबरचा बिल्ला पिशवीत घालून त्याने नाक्यावर पाठवला. बत्तीस नंबरची मुदत उद्या संपते. मला उद्या बाहेर पडावंच लागेल. सकाळच्या पावाच्या गाडीतून येतो.

नाक्यावर बिल्ला द्यायचा, कारकून नाव पुकारणार आणि मी हो म्हटल्यावर कार्ड हातात देणार. त्याचं नाव, वहिनी. तुम्ही तिथे उभ्या असाल. तुमच्या देखत मी कसा बोलू? मी साहेबाला विचारलं, गप्प राहिलो तर? तो म्हणाला, तर बाहेर येता येणार नाही.

तुम्ही सांगाल तसं करतो. पाववाला ह्या पत्राचं उत्तर पहाटे परत येताना आणेल.

बाइंडर


५ नोव्हेंबर, संध्याकाळ

भावजी,

पाववाला थांबला आहे, म्हणून थोडक्यात.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी खिडकीपाशीच होते. कारकुनाने विचारलं, काय म्हणतात मिस्टर? मी सांगितलं, उद्या येतायत. त्याने खरोखर आनंदाने हात जोडले. मला त्याचा राग आला नाही. कुणाचाच येत नाहीये, तुमचाही नाही. येईल पुढे. घरी गेल्यावर, रविवारी, ताटं मांडताना येईल, तेव्हा सोसा.

मी अजून रडले नाही. रडले तर कारकून विचारेल का, आणि मला सांगता येणार नाही. त्याच्या वहीत माझा नवरा उद्या सुखरूप येतोय.

तुम्ही बाहेर या. तिथे राहू नका. मला कुणीतरी बाहेर आलेलं पाहिजे.

ह्यांचं नाव पुकारतील तेव्हा खाली बघू नका, पुटपुटू नका. ह्यांनी तुमच्यासाठी म्हटलं होतं तसं म्हणा, खणखणीत. मी खिडकीशी उभी असेन, डोळे मिटून. एकदा ह्यांचं नाव आणि त्यामागून हजर, एवढं मला ऐकू द्या.

वहिनी